नडगीचे दुखणे दर वेळी चौथ्या आठवड्यातच परत का येते?

धावायला सुरुवात केल्यापासून दोन वर्षांत माझ्या डाव्या पायाची नडगी तीन वेळा दुखावली, आणि तिन्ही वेळा क्रम एकच होता. पहिले तीन आठवडे उत्तम जात, दम वाढल्याचे स्पष्ट जाणवे. चौथ्या आठवड्यात धाव सुरू करताना घोट्याच्या वर, आतल्या बाजूला एक बोथट दुखणे उठे. ते पहिल्या दहा मिनिटांत निवत असल्यामुळे मी धावत राही. पाचव्या आठवड्यात ते निवेनासे होई आणि सहाव्या आठवड्यात जिना उतरतानाही नडगी ठणके. मग दोन-तीन आठवडे विश्रांती, दुखणे पूर्ण नाहीसे, पुन्हा धावणे, आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात तीच जागा.

बडोद्याची मॅरेथॉन हिवाळ्यात असल्यामुळे पावसाळा सरता सरता कमाटीबागेत नव्या धावपटूंची संख्या वाढू लागते, आणि दिवाळीच्या आसपास त्यांतले कितीतरी जण बाकावर बसून नडगी चोळताना दिसतात. त्यांच्याशी बोलताना हीच हकीकत इतक्या वेळा ऐकली आहे की माझे चक्र कशाने थांबले ते सविस्तर लिहावे असे वाटले.

पहिल्या वेळी मी बुटांना दोष दिला आणि नवे बूट घेतले. दुसऱ्या वेळी बागेतल्या सिमेंटच्या वाटेला दोष दिला आणि नवलखी मैदानाच्या मातीवर धावू लागले. तिसऱ्या वेळी बूटही नवे होते आणि जमीनही मऊ होती, तरी नडगी त्याच आठवड्यात दुखली. तेव्हा मी धावण्याची वही काढली आणि तिन्ही वेळच्या तारखा एकाखाली एक मांडल्या. पहिली धाव आणि पहिले दुखणे यांच्यात २६, ३१ आणि २४ दिवसांचे अंतर होते, म्हणजे चौथा आठवडा, फार तर पाचव्याची सुरुवात. बूट बदलले, वाट बदलली, ऋतू बदलला, पण हे अंतर फारसे बदलले नव्हते. म्हणजे कारण वाटेत नव्हते, ते दिवसांत होते.

माझे मामा तरुणपणी तालमीत घडलेले आहेत. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिर आणि राजरत्न माणिकराव यांच्यामुळे व्यायामाबरोबर हाडांच्या उपचारांचीही मोठी परंपरा आहे, आणि त्या पिढीची माणसे दुखऱ्या जागेवर हात ठेवून बोलतात. मी त्यांना म्हटले, “मामा, विश्रांती घेतली की दुखणं जातं, पण धावायला लागले की परत येतं.” ते म्हणाले, “अगं, विश्रांतीनं दुखणं जातं. हाड घट्ट होतं असं तुला कोणी सांगितलं?”

पुढे फिजिओथेरपिस्टनी हीच गोष्ट उलगडून सांगितली. हाड जिवंत असते. नेहमीपेक्षा जास्त भार येऊ लागला की शरीर आधी त्या जागचे जुने हाड पोखरून काढते आणि मग तिथे नवे हाड भरते. पोखरण्याचे काम साधारण तीन आठवड्यांत उरकते. भरण्याचे आणि ते नवे हाड टणक होण्याचे काम मात्र त्यानंतर कित्येक महिने चालते. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करताना गवंड्याने आधी पोकळ झालेल्या विटा काढल्या होत्या, आणि नव्या विटा बसून चुना वाळेपर्यंत त्या भिंतीवर फळीसुद्धा टेकवू दिली नव्हती. नव्या धावपटूची नडगी तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात तशा अवस्थेत असते, म्हणजे पहिल्या दिवशी होती त्यापेक्षाही किंचित नाजूक. या दुखण्यात पोटरीच्या स्नायूंमुळे हाडाच्या आवरणाला बसणाऱ्या ताणाचाही वाटा असतो, त्यामुळे सगळा दोष एकट्या हाडाच्या पोखरणीवर टाकता येणार नाही. पण माझ्या वहीतल्या तारखांचा अर्थ मला या एका माहितीने लागला.

अडचण अशी की दम इतका थांबत नाही. नियमित धावू लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागते, आणि जे अंतर धापा टाकत संपत असे ते बोलत बोलत संपू लागते. आपण प्रगती मोजतो ती या दमावरून. म्हणून चौथ्या आठवड्यात, हाड सर्वांत नाजूक असताना, नेमके तेव्हाच अंतर आणि वेग दोन्ही वाढवले जातात. दुखले की आपण थांबतो, दुखणे ओसरते, पण भारच नसल्यामुळे घट्ट होण्याचे काम अर्धवट राहते; दम मात्र बराचसा टिकलेला असतो, म्हणून पुन्हा सुरुवात करताना आपण आधीपेक्षाही जोरात निघतो. माझ्या तिसऱ्या वेळी २४ दिवस का लागले, ते मला इथे कळले.

हेच दुखणे आहे ना, ते आधी बोटाने पाहावे

पुढचे काही करण्याआधी हा भाग कृपया वगळू नका. खुर्चीवर बसून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा. नडगीच्या हाडाची आतली कड बोटाला स्पष्ट लागते. घोट्याच्या हाडापासून वर जात अंगठ्याने ती कड थोड्या थोड्या अंतरावर दाबत जावी. दुखरा पट्टा पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पसरलेला असेल, आणि तो नडगीच्या खालच्या दोन-तृतीयांश भागात आतल्या कडेला असेल, तर ते बहुधा धावपटूंचे नेहमीचे नडगीचे दुखणे असते. माझा पट्टा चार बोटे ठेवली तर बरोबर झाकला जाई इतका होता.

दुखणे रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी एकवटलेले असेल, त्या पायावर जागच्या जागी एक उडी मारताना तिथे कळ येत असेल, रात्री झोपेत किंवा नुसते बसल्यावरही ठणका लागत असेल, किंवा दुखणे आतल्या कडेऐवजी नडगीच्या समोरच्या धारेवर असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवसापासून धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. मला पहिल्या वेळी एका दवाखान्यात एक्स-रे स्वच्छ आहे एवढ्यावर धावायला मोकळीक मिळाली होती. माझे दुखणे सुदैवाने चिरेचे नव्हते, पण स्वच्छ एक्स-रे म्हणजे शाबूत हाड असे धरू नये. शंका कायम असेल तर एमआरआयविषयी विचारावे. मांडीच्या सांध्यात किंवा जांघेत खोल दुखत असेल तर तेही तितक्याच तातडीने दाखवावे, कारण तिथली चीर वाढली तर शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येऊ शकते.

दुखण्याचा आणखी एक प्रकार वेगळा ओळखावा लागतो. धावायला लागल्यावर दर वेळी ठरावीक मिनिटांनी पोटरी किंवा नडगीची बाहेरची बाजू आवळल्यासारखी घट्ट होते, पाऊल बधिर होते, आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळे सुटते. हा स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढण्याचा त्रास असतो, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्याला लागू नाही.

ज्याने चक्र तुटत नाही

बर्फाने आराम पडतो, म्हणून मी तो आजही लावते, पण बर्फाने दुखणे परत यायचे थांबत नाही. तेलाने पोटरी चोळल्यास स्नायू सैल पडतात; नडगीच्या हाडावर मात्र जोर देऊ नये. नवे बूट जुने झिजले असतील तरच उपयोगी पडतात, आणि साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर ते बदलावेत हा व्यवहार्य हिशेब आहे. अगदी पातळ तळाच्या बुटांकडे एकदम वळणे मात्र नडगी आणि पोटरी दोघींनाही महाग पडते. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेणे मी ठामपणे चुकीचे मानते: गोळीने हाडाचा इशारा दबतो, आणि आपल्या उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झालेले असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडावरही ताण आणतात.

पुन्हा सुरुवात कशी केली

मी दिवस मोजणे सोडले आणि नडगीला विचारून पुढे जायचे ठरवले. पहिली अट अशी होती की सलग एक आठवडा रोज ३० मिनिटे झपझप चालूनही दुखता कामा नये, आणि अंगठ्याने दाबल्यावर कडेला हुळहुळेपणा उरता कामा नये. या अटीला मला १९ दिवस लागले. त्यानंतर काळ्या घोड्याकडच्या फाटकातून बागेत शिरून एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे दहा वेळा, एक दिवसाआड. दमाच्या दृष्टीने हे काहीच नव्हते आणि पहिल्या आठवड्यात मला अक्षरशः पाय आवरावे लागले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे काका-काकू चालत पुढे जात होते, जाऊ दिले.

प्रत्येक टप्पा किमान तीनदा दुखण्याविना पार पडल्याशिवाय पुढचा घेतला नाही. एकास दोन, मग दोनास दोन, तिनास एक, पाचास एक, असे करत सलग २० मिनिटांपर्यंत यायला सात आठवडे गेले. त्यांतला चौथा आठवडा मी मुद्दाम हलका ठेवला. आदल्या आठवड्याच्या जवळजवळ निम्म्यावर आणला. या सगळ्या तयारीत एकच बदल करता येत असेल तर हा करावा. सगळ्या वेळापत्रकांत आठवड्याला दहा टक्के वाढवा असे लिहिलेले असते. तो अंदाज वाईट नाही, पण सलग दहा-दहा टक्के चढवत गेले तर नाजूक आठवडा त्या चढावरच गाठतो.

वेग आणि अंतर यांत हाडाला वेग जास्त जड जातो, हे मला उशिरा समजले. मिनिटाला १६५ पावले धरली तर अर्ध्या तासात सुमारे पाच हजार पावले पडतात, म्हणजे एका पायाच्या वाट्याला अडीच हजार, आणि दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीने जमीन पायाला उलट दाबते. पावलांची संख्या थोडी वाढली तर हाड तेवढे सोसते. पण प्रत्येक पावलाचा जोर थोडा जरी वाढला तरी हाड किती पावलांत थकेल तो आकडा झपाट्याने खाली येतो. म्हणून पहिले तीन महिने मी वेगाची धाव पूर्ण बंद ठेवली, आणि सगळे धावणे शेजारच्या माणसाशी सलग वाक्ये बोलता येतील अशा वेगाने केले. अकोटा-दांडिया बाजार पुलाचा उतारही त्या काळात चालतच उतरले. आपले शहर सपाट असल्यामुळे उताराची सवय नसते, आणि उतारावर पाऊल जोरात आदळते.

पावले थोडी लहान आणि थोडी जलद टाकल्याने हा जोर कमी होतो. माझी पावले मिनिटाला १५८ पडत होती. मी ती १६६ वर आणली, म्हणजे पाच टक्क्यांची वाढ. एकदम १८० चा आग्रह धरू नये, कारण त्याने पोटरीवर वेगळाच ताण येतो. पाऊल गुडघ्याच्या पुढे लांब पडू न देता अंगाखाली पडू द्यावे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते.

आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडली. भार मिळाल्यावर काही वेळाने हाड त्या भाराला प्रतिसाद देईनासे होते आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा देऊ लागते. म्हणून ४० मिनिटे एका दमात धावण्याऐवजी सकाळी २० आणि संध्याकाळी २० असे विभागलेले दिवस मी आठवड्यातून एकदा ठेवले. ज्यांना कामामुळे हे जमत नसेल त्यांनी त्याची रुखरुख लावून घेऊ नये.

पोटरीचा व्यायाम मात्र कोणीही टाळू नये. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा उचलणे, आधी दोन्ही पायांवर आणि मग एका पायावर, गुडघा सरळ ठेवून आणि नंतर थोडा वाकवून. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीच्या आतला रुंद, चपटा स्नायू काम करतो, आणि धावताना नडगीला वाकण्यापासून सावरण्याचा मोठा भार तोच उचलतो. सुरुवातीला माझ्या डाव्या पायावर एका वेळी ११ होत होते, उजव्यावर २२. हा फरक मला कधी जाणवलाही नव्हता. २५ पर्यंत दोन्ही पाय आणायला मला तीन महिने लागले, आणि त्यानंतरच दोरीवरच्या उड्या सुरू केल्या.

नवरात्र

बडोद्यात राहणाऱ्या धावपटूसाठी हा भाग वेगळा लिहिणे भाग आहे. माझे तिसरे दुखणे नवरात्र संपल्यानंतरच्या आठवड्यात आले होते. त्या दहा दिवसांत माझ्या वहीत फक्त २२ किलोमीटर होते, त्यामुळे दुखण्याचे कारण काही केल्या सापडेना. फिजिओथेरपिस्टनी वही चाळली आणि विचारले, “ताई, रात्रीचं कुठं लिहिलंय?” मी नऊ रात्री, रोज अडीच-तीन तास, अनवाणी गरबा खेळले होते. त्यांतल्या प्रत्येक फेरीत उड्या आहेत, गिरक्या आहेत, आणि पाय बहुतेक वेळा चवड्यावरच पडतो. नडगीच्या दृष्टीने तो आठवडा वर्षातला सर्वांत जड आठवडा होता आणि माझ्या वहीत तो विश्रांतीचा आठवडा म्हणून नोंदला गेला होता. त्यातच नऊ दिवसांचा उपवास, म्हणजे साबुदाणा, बटाटा आणि दूध एवढ्यावर.

गरबा सोडावा असे मी म्हणणार नाही. मी सोडलेला नाही. पण आता गरब्याचे तास वहीत धावण्याच्या रकान्यातच लिहिते. त्या नऊ दिवसांत आठवड्याला दोनच हलक्या धावा ठेवते, लांब धाव पूर्ण वगळते, आणि दसऱ्यानंतर एक आठवडा फक्त चालते. अनवाणी खेळायचे असेल तर आधीचे चार-पाच आठवडे घरात आणि गवतावर अनवाणी चालण्याची, थोड्या उड्यांची सवय लावते. उपवास केलाच तर त्यात राजगिरा, शेंगदाणे, पनीर, दही भरपूर घेते.

खाण्याबद्दल थोडेच सांगते. धावू लागल्यावर वजन उतरते म्हणून आनंदाने कमी खाणाऱ्यांचे हाड भरण्याचे काम मंदावते, कारण शरीर तेव्हा हाडावर खर्च करायला तयार नसते. स्त्रियांची पाळी लांबू लागली किंवा बंद झाली तर ते धावण्याचे नेहमीचे लक्षण समजून सोडून देऊ नये. पुरेसे अन्न मिळत नसल्याचा तो इशारा असू शकतो आणि डॉक्टरांना दाखवावे. दुखणे दुसऱ्यांदा परतले असेल तर ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. ऊन इतके असूनही आपल्याकडे त्याची कमतरता सर्रास आढळते, आणि आपण उजाडण्याआधी धावून येऊन दिवसभर सावलीत बसतो. माझेही कमी निघाले. त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. आठवड्याची पुडी मनानेच महिनोन्महिने घेत राहू नये.

मॅरेथॉनची तारीख

४२.१९५ किलोमीटरचे अंतर हिवाळ्यात धावायचे ठरवून जुलैत पहिले पाऊल टाकणाऱ्याला सहा महिने मिळतात. दमाला ते पुरतात. हाडाला पहिले तीन-चार महिने नुसते तयार व्हायला लागतात, आणि लांब धावांची खरी चढण त्यानंतर सुरू व्हायला हवी. म्हणून नडगी दोनदा दुखावलेल्या कोणालाही मी त्या हिवाळ्यात पूर्ण मॅरेथॉन धावू नका असेच सांगेन. मी स्वतः त्या वर्षी नाव दहा किलोमीटरला घातले, पुढचा संपूर्ण उन्हाळा पहाटे साडेपाचला निघून आठवड्यातून चार दिवस हळू धावले, आणि आता या हिवाळ्यात अर्धी मॅरेथॉन धावून पूर्ण अंतर त्याच्या पुढच्या वर्षासाठी ठेवले आहे. गेल्या ११ महिन्यांत नडगीसाठी एकही धाव सोडावी लागलेली नाही.

दोनदा कुरकुर मात्र झाली. त्या वेळी जे केले तेच इतरांना सुचवीन. धावताना दुखणे दहापैकी दोनच्या वर गेले, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या पावलाला जाणवले, तर पुढची धाव रद्द करून त्या दिवशी चालायचे किंवा सायकल चालवायची, आणि त्यानंतर ज्या टप्प्यावर होतो त्याच्या दोन टप्पे मागे जायचे. पूर्ण थांबायचे नाही आणि त्याच टप्प्यावर अडूनही बसायचे नाही. दोन टप्पे मागे गेल्यावर आठवडाभरात अंगठ्याखालची हुळहुळ गेली नाही, तर मात्र तपासणीची वेळ घ्यायची.

रविवारच्या लांब धावेआधी बूट बांधण्यापूर्वी मी आजही पायरीवर बसते, घोटा गुडघ्यावर घेते आणि कड खालून वर दाबत जाते. मग डाव्या पायावर दहा उड्या मारते. त्यांतली एक जरी नडगीत जाणवली, तर त्या रविवारी मी बागेला चालत तीन फेऱ्या मारून परत येते.